टिंबांची राखण

आमच्या ह्यांना दोन कामं. एक पोटापाण्याचं, दुसरं माझ्या डोक्याला ताप.

पोटापाण्याचं काम म्हणजे कवळ्या करणं. दातांचे डॉक्टर हिरड्यांचा ठसा पाठवतात आणि त्याबरहुकूम हे दात बसवतात. घराच्या मागच्या खोलीत यांचं बस्तान. सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी, वितळलेल्या मेणाचा वास, घासायच्या यंत्राची घरघर, आणि फळीवर ओळीनं मांडून ठेवलेले लोकांचे जबडे. लग्न करून आले तेव्हा त्या खोलीत पाऊल टाकायची मला धास्ती वाटायची. आता मीच त्या जबड्यांवरची धूळ झटकते आणि झटकता झटकता त्यांच्यापाशी नवऱ्याची गाऱ्हाणी सांगते. ते निदान तोंड उघडं ठेवून ऐकून तरी घेतात.

दुसरं काम फुकटचं. त्याला ना पगार, ना सुट्टी, ना कुणी बरं म्हणणार. यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे भाऊजी, घशाच्या कॅन्सरनं आजारी पडले आणि ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. असं झालं की माणूस नाकातोंडानं श्वास घेत नाही, गळ्याला ठेवलेल्या भोकातून घेतो, आणि आवाज जातो तो कायमचाच. भाऊजी मूळचे भयंकर बडबडे. गप्प बसणं त्यांच्या स्वभावातच नाही. त्यांनी काय करावं, तर इंटरनेटवर आपल्यासारख्यांचा एक ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं ‘बिनआवाजी मंडळ’. भोकाची निगा कशी राखायची, आंघोळीला पाणी आत जाऊ नये म्हणून काय बांधायचं, रस्त्यात लोक वळून वळून बघायला लागले तर त्यांच्याकडे कसं बघायचं, असलं सगळं तिथं चालायचं. माणसं हां हां म्हणता जमली. पुढे भाऊजी हृदयविकारानं गेले आणि मंडळाच्या किल्ल्या यांच्या हातात आल्या. यांचा गळा ठणठणीत आहे, घोरतात तर भिंती हलतात. पण भावानं लावलेलं झाड, यांना टाकवेना.

या मंडळाची एक रीत होती. सकाळी उठल्यावर प्रत्येकानं एक टिंब टाकायचं. शब्द नाही, चित्र नाही, नुसतं टिंब. म्हणजे ‘मी आहे’. ज्याला ते दिसेल त्यानं खाली आपलं एक टिंब टाकायचं, म्हणजे ‘पाहिलं’. एकटं राहणाऱ्या माणसाला आवाजच नसला तर तो हाक कशी मारणार, फोन उचलून बोलणार काय? म्हणून ही हजेरी. दुपारपर्यंत कुणाचं टिंब आलं नाही तर जवळपास राहणाऱ्यानं जाऊन दार वाजवायचं. आणि कुणी दोन टिंबं टाकली तर काही विचारत बसायचं नाही, जवळच्यानं हातातलं टाकून धावायचं. हे भाऊजींचंच डोकं. श्वास कोंडलेला माणूस निबंध लिहिणार नाही, दोन टिंबं तरी टाकेल, असं त्यांनीच तेव्हा लिहून ठेवलं होतं.

आता एवढं साधं मंडळ, त्याला राखण कशाला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण जिथं दुखणाईत माणसं जमतात तिथं भामटे माशांसारखे घोंघावतात. ‘गेलेला आवाज परत मिळवा’, ‘घशाला लावायचं चमत्कारी तेल’, ‘डॉक्टर तुमच्यापासून काय लपवतात’. एक काढावी तर चार हजर. हे कवळीला चकाकी देता देता मध्येच हात पुसायचे, मोबाइल उघडायचे, एकेक जाहिरात एकेका बोटानं काढायचे, आणि परत कवळी हातात घ्यायचे. मोबाइलच्या काचेवर कायम प्लास्टरचे डाग. ज्या कंपनीच्या ॲपवर मंडळ चालतं, तिनं ग्रुप राखणाऱ्यांना दिलेलं हत्यार म्हणजे काय, तर एक ‘काढून टाका’चं बटण. यांनी कंपनीला किती वेळा लिहिलं असेल! आम्ही फुकट राबतोय, निदान औजारं तरी धड द्या. कंपनी ढिम्म.

आणि म्हणून सकाळची टिंबं बघायचं काम माझ्या गळ्यात आलं. सकाळी यांचे हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. ‘अगं, तेवढी टिंबं बघशील?’ असं एकदा म्हणाले आणि ते एकदाचं कायमचं झालं. मी तोंडानं कटकट करायचे आणि अंगठ्यानं टिंबं टाकायचे. मंडळातल्या बहुतेकांची नावंसुद्धा मला पाठ नव्हती, एकीचं सोडून.

तिला सगळे कंडक्टरबाई म्हणायचे. तिच्या फोटोत ती बसच्या दारात एक पाय खाली टाकून उभी होती, खांद्याला चामडी पिशवी, चेहऱ्यावर ‘चढायचंय तर चढा, नाहीतर वाट सोडा’ असा भाव. जन्मभर गर्दीच्या वर आवाज चढवून थांब्यांची नावं घेतलेली बाई. मंडळात तिनं कधी एक अक्षर लिहिलं नाही. कुणाचा वाढदिवस असो, कुणाचं दुखणं असो, बाई गप्प. फक्त सकाळी सगळ्यांच्या आधी तिचं टिंब यायचं. मी गॅसवर दूध ठेवायचे, मोबाइल उघडायचे, तर हिचं टिंब आधीच येऊन बसलेलं. खाली मी माझं ठेवायचे. वर्षानुवर्षं आमचं एवढंच बोलणं. पण खरं सांगते, ते झाल्याशिवाय माझा दिवस सुरू झाला असं मला वाटायचं नाही.

अशात कंपनीला पाझर फुटला. राखणाऱ्यांसाठी तिनं एक नवं औजार काढलं. त्याचं नाव ‘राखणदार’. हे लग्नात नवरदेव म्हणून बसले होते तेव्हाही इतके खुललेले मला आठवत नाहीत.

‘अगं, बघ तर खरं. याला शिकवता येतं,’ हे म्हणाले. ‘आपण चारदोन जाहिराती दाखवायच्या, म्हणायचं हा कचरा. मग तसल्या सगळ्या तो स्वतःच बाजूला काढतो.’

‘आणि चुकला तर?’

‘चुकतो कसला! आणि गंमत माहितीये? ज्याची जाहिरात काढली त्याला पत्ताच लागत नाही. त्याला त्याच्या मोबाइलवर ती दिसतच राहते. तो आपला खूश, आणि इकडं कुणाला काही दिसत नाही. म्हणजे नवं नाव घेऊन परत येण्याची भानगडच नाही.’

त्यात हजेरीचीही सोय होती. टिंब आलं की राखणदार नावापुढे सगळ्यांना दिसेल अशी हिरवी खूण करणार, दुपारपर्यंत खूण झाली नाही तर तांबडी. म्हणजे माझीही सुटका. हे शिकवायला बसले. भामट्यांची खोड यांना पाठ होती. ‘हे लोक कधी कुणाशी बोलत नाहीत, रोज येऊन तेच तेच टाकतात आणि जातात. हा घे, हा कचरा. हाही कचरा.’ असं म्हणत म्हणत त्यांनी राखणदाराला पुरता तयार केला.

जाहिराती थांबल्या हे मात्र खरं. हे शीळ घालत कवळ्या घासायला लागले. मी म्हटलं, चला, सुटलो.

सुटका झाली तरी माझा अंगठा काही ऐकेना. सकाळी दूध ठेवलं की मोबाइल हातात यायचाच. आणि एक दिवस बघते तर पहिलं टिंब कंडक्टरबाईचं नाही. वर गेले, खाली आले, कुठंच नाही. मागच्या खोलीत जाऊन म्हटलं, ‘अहो, कंडक्टरबाईचं टिंब नाही.’

यांनी कोपरानं मोबाइल माझ्याकडे सरकवला. ‘हजेरी बघ.’

तिच्या नावापुढे हिरवी खूण.

‘मग मला का दिसत नाही?’

‘नीट बघितलं नसशील. टिंब केवढं असतं!’

घ्या. इतकी वर्षं तेच टिंब मला चष्म्याशिवाय दिसत होतं, आणि आता मी नीट बघितलं नसेन! मी भांडी जरा जोरात आपटली. दुसऱ्या दिवशी परत तेच. हजेरीत हिरवी, मंडळात नाही. आणखी दोघातिघांचीही दिसत नव्हती असं मला वाटलं, पण त्यांच्याबद्दल शपथ घेऊन सांगता आलं नसतं. हिच्याबद्दल आलं असतं. मी तिला निराळा निरोप पाठवला, ‘बऱ्या आहात ना?’ तो तसाच पडून राहिला, कुणी उघडला नाही.

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. दूध उतू गेलं. इस्त्री ठेवून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि एक उशीचा अभ्रा करपवला. ह्यांना विचारलं की उत्तर एकच, ‘हिरवी खूण आहे ना, मग झालं.’ बाई एकटी राहते, तोंडातून शब्द निघत नाही, आणि हा माणूस मला खुणा दाखवतोय! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी म्हणायचे, ‘अहो, खूण आली तर बाई का येत नाही?’ हे म्हणायचे, ‘तू यंत्रावर विश्वास ठेवायला शिक.’

असेच दिवस गेले, आणि एका सकाळी तिच्या नावापुढे ना हिरवी, ना तांबडी. नावच गायब. मी मोबाइल यांच्या नाकासमोर धरला.

‘मंडळ सोडून गेली असेल,’ हे म्हणाले. ‘लोक येतात, जातात.’

‘ती जाणारी बाई नाही.’

‘तुला काय माहीत? तुझी काय ओळख?’

‘माझी ओळख मला माहीत. उठा. चला तिच्याकडे.’

‘अगं, मेण तापलंय, संध्याकाळी डॉक्टरांना कवळी द्यायची आहे...’

‘एखाद्या म्हातारबांचं जेवण चावायचं राहिलं तर राहू दे!’ मी ओरडले. ‘त्या बाईचा जीव गेला असला तर काय करणार आहात? तिच्या तोंडात दात बसवणार?’

यांनी मेणाखालचा दिवा विझवला. हात न धुताच चपला घातल्या.

पत्ता यांच्याकडे होता. अडीअडचणीला लागतो म्हणून भाऊजींनी सगळ्यांचे घेऊन ठेवले होते. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्यापासून थोडं चालून. बसमध्ये हे सारखे मोबाइल उघडायचे, राखणदार बघायचे, बंद करायचे. मला तो हातातून हिसकावून खिडकीबाहेर भिरकावावासा वाटत होता.

इमारत जुनी, जिना अरुंद. तिसऱ्या मजल्यावर तिचं दार. हे दारावर टकटक करून म्हणाले, ‘कोणी आहे का?’

‘ती उत्तर कशी देणार?’ मी म्हटलं. आणि आम्ही दोघंही थांबलो. इतकी वर्षं बिनआवाजी मंडळ चालवणारा माणूस, आणि दारात उभा राहून उत्तराची वाट बघतोय. मी यांना बाजूला केलं आणि दोन्ही तळव्यांनी दार बडवलं. शेजारचं दार उघडलं, तिथून एक डोकं बाहेर आलं आणि परत आत गेलं. आतून पायांचा आवाज आला. साखळी तशीच ठेवून दार बोटभर उघडलं.

आहे! ती जिवंत आहे! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. फोटोपेक्षा वाळलेली, गळ्याशी एक जाळीदार कापडाची पट्टी बांधलेली, पण डोळे तेच. तिनं यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, मंडळातल्या फोटोवरून ओळखलं, आणि दार लावून घेतलं.

‘अहो बाई, उघडा!’ मी परत दार बडवायला लागले. ‘मी रोज तुमच्या टिंबाखाली टिंब टाकते ती! हे नाही, मी! उघडा, नाहीतर इथंच जिन्यात बसेन!’

काही वेळानं साखळी निघाली.

खोली एकच, पण लख्ख. पलंग, टेबल, खिडकीत वाफेचं एक छोटं यंत्र, हवा कोरडी पडू नये म्हणून. टेबलावर एक पांढरी पाटी आणि जाड शाईचं पेन. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही. पाटी उचलली, लिहिलं आणि आमच्यासमोर धरली.

‘आता आलात?’

हे चाचरत म्हणाले, ‘आज तुमचं नाव मंडळात दिसलं नाही, म्हणून लगेच...’

तिनं पाटी पुसली. परत लिहिलं, इतकं दाबून की पेन कुरकुरलं.

‘मंगळवारी दोन टिंबं टाकली.’

मला आधी कळलंच नाही. मग उमगलं, दोन टिंबं म्हणजे धावा, आणि आमच्यातलं कुणी धावलं नव्हतं.

मग ती लिहीत गेली, पुसत गेली. गळ्याच्या भोकात चिकटा सुकून त्याचा बोळा झाला होता. श्वास आत जाईना. चिकटा सैल करायची औषधी मिठाच्या पाण्याची बाटली हातातून निसटून पलंगाखाली गेली. तिनं कसाबसा मोबाइल घेतला, दोन टिंबं टाकली आणि न्हाणीघरात जाऊन गरम पाण्याचा नळ सोडला. वाफेत जमिनीवर बसून ती खोकत राहिली आणि दाराकडे कान लावून राहिली. कुणीतरी येईल. मंडळातली एक बाई पलीकडच्या गल्लीतच राहते, ती येईल. कुणी आलं नाही. अखेर तो बोळा खोकल्याबरोबर निघाला. निघाला म्हणून ती आज पाटी घेऊन उभी होती.

‘त्याच्या आधीपासूनच टिंबाला कुणी टिंब देत नव्हतं,’ तिनं लिहिलं. ‘मला वाटलं, मी कधी काही लिहीत नाही, म्हणून कुणाला माझं काही पडलेलं नाही. तरी टाकत राहिले. मग मंगळवार झाला. मग म्हटलं, पुरे.’

यांनी मोबाइल काढला. राखणदार उघडला. मंगळवार. तिच्या नावापुढे हिरवी खूण, ठसठशीत. टिंब म्हणजे हजर, एवढंच यांनी त्याला सांगितलं होतं. दोन टिंबांचं काय, ते सांगायचं यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग यांनी ‘बाजूला काढलेलं’ असा एक कप्पा उघडला. इतक्या दिवसांत त्यात एकदाही डोकावले नव्हते. त्यात घशाच्या तेलाच्या जाहिराती होत्या, आणि त्यांच्या मध्ये मध्ये तिला पाठवलेला माझा निरोप आणि तिची सगळी टिंबं. कधी कुणाशी बोलत नाही, रोज येऊन तेच टाकते. यांनी शिकवलं तसंच राखणदार वागला होता. हजेरी घेतली, आणि माणूस कचऱ्यात टाकला.

यांनी मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं तो जवळ धरून वाचला, पुष्कळ वेळ वाचला. हे म्हणाले, ‘माझी चूक आहे. मी शिकवलं त्याला.’ आवाज पार खोल गेला होता. मला यांचा जितका राग आला होता, तितकीच यांची दयाही आली.

तिनं ‘असू दे’ असं काही लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच, ‘बाकीचे?’

हे दचकले. तिथंच तिच्या पलंगावर बसून तो सगळा कप्पा वरपासून खालपर्यंत बघितला. ती एका खांद्यावरून बघत होती, मी दुसऱ्या. आणखी चौघं सापडले, सगळे असेच अबोल. त्यांची एकेकच टिंबं होती. दोन कुणाची नव्हती. यांनी ती सगळी परत मंडळात सोडली आणि म्हणाले, ‘राखणदार बंद करतो. आत्ताच. नको ते औजार. मी आपलं हातानं करीन.’

तिनं यांचा हात धरला. पाटीवर लिहिलं, ‘कडी नीट बसत नाही म्हणून दारच काढता का? ते तेलवाले परत येतील. मी त्यांचं तेल घेतलं होतं, पहिल्या वर्षी. भाजलं गळ्याला.’ पुसून परत लिहिलं, ‘दुरुस्त करायला लावा.’

‘कंपनी आमचं ऐकत नाही हो,’ हे म्हणाले. ‘पुढच्या आठवड्यात राखणाऱ्यांची ऑनलाइन बैठक आहे खरी. पण तिथंही तेच बोलतात, आम्ही माना डोलावतो.’

‘मी बोलते.’

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. तिनं टेबलाचा खण उघडून एक दांडका काढला, विजेरीएवढा. बटण दाबून गळ्याला लावायचा, तो थरथरतो, त्या थरथरीवर ओठ हलवून बोलायचं. ऑपरेशननंतर दवाखान्यानं दिला होता. एकदा दुकानात तिनं तो लावला आणि लोक हसले, तेव्हापासून खणात पडून होता.

‘आणि मंडळात परत याल ना?’ मी विचारलं.

तिनं लिहिलं, ‘त्यांनी ऐकलं तर.’

झालं. आता माझा जीव त्या बैठकीत अडकला. आठवडाभर मी यांना सुखानं जेवू दिलं नाही. काय बोलायचं, कधी बोलायचं, आपली पाळी कधी, मध्येच कुणी तोंड घातलं तर? हे म्हणाले, ‘अगं, तू तरी राखणदारापेक्षा बरी का?’ मी म्हटलं, ‘मी निदान खुणा करून गप्प बसत नाही.’

बैठकीच्या दुपारी कंडक्टरबाई वेळेच्या आधीच आली. कडक इस्त्रीचे कपडे, केस चापून बसवलेले, पर्समध्ये तो दांडका. मागच्या खोलीत जबड्यांच्या फळीखाली यांनी कॉम्प्युटर मांडला होता. ती जबड्यांकडे बघून डोळ्यांनीच हसली आणि खुर्चीत ताठ बसली. मी तिच्या बाजूला, हे मागे उभे.

पडद्यावर चेहऱ्यांचे चौकोन उघडले. कुणी झाडंवाल्यांचा ग्रुप राखणारा, कुणी जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीवाल्यांचा, कुणी नव्या आयांचा. मधल्या चौकोनात कंपनीचे साहेब, गोड बोलणारे. त्यांनी एक आलेख दाखवला. राखणदार आल्यापासून कचरा किती घटला, तक्रारी किती कमी झाल्या. रेघ खाली खाली जात होती आणि साहेबांचा चेहरा खुलत होता. मी मनात म्हटलं, ज्यांना आवाज नाही ते तक्रार कुठून करणार, बाबा!

आमची पाळी आली. हे म्हणाले, ‘आमच्या मंडळातल्या एक सभासद बोलतील.’

कंडक्टरबाईनं दांडका गळ्याला लावला. आमच्या खोलीत तिचा आवाज घुमला. सपाट, एकसुरी, चढ नाही उतार नाही, पण शब्द न् शब्द कळत होता. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकत होते. ‘नमस्कार. मी एकटी राहते,’ तिनं सुरुवात केली. मंगळवारपर्यंत पोचली, तोच साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुमचा आवाज येत नाहीये. माईक चालू आहे का बघता?’

‘चालू आहे,’ हे मागून म्हणाले.

‘हां, तुमचा येतोय. मॅडमचा येत नाही.’

ती पहिल्यापासून बोलायला लागली. दांडका आणखी दाबला, गळ्यावर त्याचा वळ उठला. आमच्या खोलीत खणखणीत ऐकू येत होतं. पडद्यावर एक बाई म्हणाली, ‘त्यांचे नुसते ओठ हलताना दिसतायत.’ कुणीतरी कानाला हात लावून मान हलवली. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. मॅडम, तुम्ही लेखी पाठवाल का? वेळ कमी आहे, आपण पुढे जाऊया.’

तिनं दांडका खाली घेतला. चेहऱ्यावर काही नाही, नुसती पर्स जवळ ओढली आणि उठायला लागली. मी तिचं मनगट घट्ट धरलं. ही आत्ता उठली तर परत येणार नाही, हे मला कळून चुकलं होतं.

‘पुढे कुठे निघालात?’ मी कॉम्प्युटरवर ओरडले. माझा आवाज बरोबर पोचला, सगळे चौकोन दचकले. ‘थांबा! कुणी पुढे जायचं नाही! बाई बोलतेय, तुम्हाला ऐकू येत नाही ही तुमची गोष्ट झाली!’

‘ताई, शांत व्हा,’ साहेब म्हणाले.

‘होणार नाही!’

मागून हे वाकले होते. ‘थांब, थांब,’ पुटपुटत माऊस इकडेतिकडे फिरवत होते. ‘हा प्रोग्राम आजूबाजूची घरघर आपोआप गाळतो. माझं घासायचं यंत्र चालू असलं तरी बैठकीत ऐकू जात नाही, ते त्यामुळेच. अगं, याला हिचा आवाज म्हणजे यंत्राची घरघर वाटतेय.’ ते खाली खाली गेले, कुठल्या तरी आडबाजूच्या कप्प्यात, एक बटण सापडलं, दाबलं.

मी तिचं मनगट सोडलं नव्हतं. दुसऱ्या हातानं तिनं दांडका उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि गळ्याला लावला.

‘नमस्कार.’

साहेब पुढे झुकले. कपाळाला आठ्या. ‘हां, आता काहीतरी येतंय. पण मॅडम, फार खरखर आहे. ती खरखर बंद करता येईल का?’

माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं! पण तिनं मला डोळ्यांनीच थांबवलं. खुर्ची पुढे ओढली. आणि एकेक शब्द सुटा करून, लहान पोराला समजवावं तसं म्हणाली, ‘ती खरखर नाही. ती मी आहे.’

साहेबांच्या आठ्या उतरल्या, मान खाली गेली, परत वर आली. ‘सॉरी मॅडम,’ ते म्हणाले. ‘बोला.’

‘मंगळवारी सकाळी माझा श्वास कोंडला,’ ती म्हणाली, आणि साहेबांनी समोरचा आलेख बंद केला.